साडेचार तोळ्यांचा ससा

"हे सांगतोय खरं, पण कुणाचा विश्वास बसायचा नाही," असं म्हणून पोपटआबांनी कट्ट्यावर मांडी ठोकली, की सुखनिवासातल्या पोरांनी ओळखावं, आता बिबट्या येणार.

हा बिबट्या मोठा गुणी. आबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीचा बॉयलर सांभाळायचे, तेव्हा येऊरच्या जंगलातून लाकडाच्या ट्रकमध्ये झोपून तो आलेला. पहिल्या वर्षी सांगितला तेव्हा तो मांजराच्या पिल्लाएवढा होता. आबा रिटायर होईपर्यंत वासराएवढा झाला. आबांनी त्याला बॉयलरच्या उबेला ठेवलं, शेळीच्या दुधावर वाढवलं, आणि जंगलात परत सोडायला गेले तेव्हा तो म्हणे तीनदा मागे वळून बघत होता आणि चौथ्यांदा येऊन आबांच्या पाया पडला.

"खोटं!" कोणीतरी ओरडायचं.

"पकडलंस लेका," म्हणत आबा सदऱ्याच्या खिशातून लिमलेटची गोळी काढून द्यायचे आणि उठायचे. कट्ट्याचा कायदाच होता तसा. खोटं जिथे पकडलं जाईल तिथे गोष्ट थांबली. मग पुढे ती कितीही रंगणार असो, बिबट्या पाया पडता पडता अर्धा वाकलेला राहिला तरी चालेल, पण थांबली म्हणजे थांबली.

सुखनिवासाच्या चार मजल्यांत गोळी न खाल्लेलं पोर एकच होतं. आबांची स्वतःची नात श्रिया, वय वर्षं सात. ती खोटं पकडायची नाही, उलट फाटलेलं शिवून द्यायची. बिबट्याने पाया पडताना शेपटी कुठे ठेवली, असं कुणी खवचटपणे विचारलं, की आबांच्या आधी ही सांगणार, "तोंडात धरली होती. नाहीतर आबांच्या चष्म्याला लागली असती ना!" पोरं गप्प. आबाही गप्प, कारण त्यांना स्वतःला हे पहिल्यांदाच कळलेलं असायचं.

अशी नात ज्याला मिळाली त्याने तोंड जरा जपून उघडावं. आबांनी जपलं नाही.

झालं असं, की त्यांची सून संचिता सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगा झाला. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. आबा एकदाच बघायला गेले होते, तेही काचेबाहेरून. नाकात नळी, अंगावर चिकटपट्ट्या, आणि मूठ मात्र अशी वळलेली की जणू काही महत्त्वाचं धरून ठेवलंय. अकरा दिवस त्याने ते धरून ठेवलं. बाराव्या दिवशी सोडलं.

संदेश, म्हणजे आबांचा मुलगा, सगळं आटोपून घरी आला तो बूट न काढताच मोरीच्या दारात बसून राहिला. संचिताला तिच्या आईने हॉस्पिटलातूनच कल्याणला माहेरी नेलं. श्रियाने बापाकडे बघितलं, मग आबांकडे आली. "आबा, बाळ कुठाय?"

आता इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आबांचं तोंड असं, की ते कधी रिकामं राहिलेलं नाही. ते म्हणाले, "पेटीत आहे की. काचेच्या. डॉक्टर त्याला थेंब थेंब दूध पाजतात. जरा अंग धरलं की येईल."

बस्स, एवढंच. एक थेंब दूध. पण रोज शाळेतून आल्यावर ती विचारायची, आणि रोज आबा एकेक थेंब वाढवायचे. आज बाळाने नर्सचं बोट धरलं. आज त्याने जांभई दिली ती इतकी मोठी, की पेटीचं झाकण उडालं. महिना होत आला, आणि बिबट्या वाढला नसेल इतक्या वेगाने ते बाळ वाढलं.

"बाबा, बास करा," संदेश एकदा दात आवळून म्हणाला. "तुमचा कट्टा नाहीये हा."

"सांगतो रे. जरा दम धर. लहान आहे ती."

"तुम्ही सांगत नाही आहात. तुम्ही त्याला मोठं करताय."

 

आणि नेमका अशातच एका रविवारी सकाळी तळमजल्यावरचा सिद्धेश दारात उभा राहिला. हातात बुटांचा खोका. या पोराला सशांचा नाद. मागच्या पॅसेजमध्ये पिंजरा ठेवून बसलाय.

"आबा, सशीण मेली. चार पिल्लं झालेली गुरुवारी. मी गाईचं दूध पाजलं, तीन गेली जुलाबाने. हे एकच राहिलंय." त्याने खोका पुढे केला. "तुम्ही बिबट्या वाढवलाय ना आबा. प्लीज."

पोरगा थट्टा करत होता की खरंच म्हणत होता, आबांना शेवटपर्यंत कळलं नाही. खोक्यात कापसावर काहीतरी राखाडी हलत होतं. घडवताना चुकलेल्या उंदरासारखं. कान डोक्याला चिकटलेले, डोळे दोऱ्याने शिवून टाकावेत तसे बंद.

खरं सांगायचं तर आबांनी जन्मात काहीही वाढवलेलं नव्हतं. संदेशला त्यांच्या बायकोने, हौसाबाईने वाढवलं, आबा तेव्हा शिफ्टला. पुढे श्रियालाही तिनेच न्हाऊमाखू घातलं, आणि मग तीन वर्षांमागे ती गेली. आबा आता सिद्धेशला म्हणणारच होते, की बाबा रे, तो बिबट्या म्हणजे... तेवढ्यात कोपराखालून श्रियाचं डोकं आत घुसलं.

"आबा! हा तर आपल्या बाळासारखाच आहे. ह्याला पण थेंब थेंब पाजायचं. आपल्याला येतं ना?"

आबांनी खोका घेतला.

जनावरांच्या दवाखान्यात निशिगंधा नावाची तरुण डॉक्टर होती. तिने पिल्लाला तळहातावर घेतलं, पोट चाचपलं आणि आधीच सांगून टाकलं, "आजोबा, आईशिवाय ही पिल्लं फार कमी जगतात. प्रयत्न करू." मग बोटं मोजत सगळं समजावलं. शेळीचं दूध, कोमट. सुईशिवायची बारीक सिरिंज. सकाळ, दुपार, संध्याकाळ, जास्त नाही. पोट फुगलं की गेलं. पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खालून हलकेच पुसायचं, कारण आई चाटते म्हणून त्यांना शू होते, आपोआप होत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी.

"आणि हे नीट ऐका. पाजताना ते चार पायांवर बसलेलंच हवं. पाठीवर कधी झोपवायचं नाही. माणसाच्या बाळासारखं तर अजिबात नाही. दूध छातीत जातं."

"डोळे कधी उघडतील?" श्रियाने विचारलं.

"दहाव्या दिवशी. म्हणजे... पुढच्या रविवारी बघ."

श्रियाने घरी येऊन कॅलेंडरवर त्या रविवारी एक ससा काढला. त्याला कान सोडून सगळं होतं. मग बापाला विचारलं, "पप्पा, आई कधी येणारे?"

संदेशने आबांकडे बघत उत्तर दिलं, "पुढच्या रविवारी."

"म्हणजे बाळ पण!" तिने सशाशेजारी एक छोटा गोल काढला. "दोघं एकाच दिवशी, आबा!"

संदेश उठून गॅलरीत गेला. आबा मागोमाग गेले. "रविवारच्या आत," संदेश खाली रस्त्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही सांगा. संचिता दारात उभी राहील आणि ही तिच्या हातांकडे बघेल. ते मला नाही बघवणार, बाबा. तुम्ही सुरू केलंय, तुम्हीच संपवा."

"सांगतो. ससा एकदा डोळे उघडू दे. तिला हातात काहीतरी जिवंत असू दे, मग सांगतो."

आणि मनात त्यांनी तसंच ठरवून टाकलं. ससा जगला, तर सांगता येईल.

मग जे सुरू झालं ते पाहायला सुखनिवासातली निम्मी मंडळी जिना चढून यायची. एमआयडीसीच्या मागे शेळ्या राखणाऱ्या मंजुळाबाईकडून आबा पहाटे वाटीभर दूध आणायचे. येताना वाटी अशी धरायचे, की रिक्षावालेसुद्धा हॉर्न न वाजवता जायचे. (हे आबांचं म्हणणं.) सिरिंजच्या टोकाला थेंब आणायचा, तो पिल्लाच्या ओठाला टेकवायचा आणि वाट बघायची. पिल्लू आधी नाक हलवायचं, मग ओठ. मग दुसरा थेंब. बॉयलरच्या प्रेशरच्या काट्यावर चौतीस वर्षं नजर ठेवलेला माणूस, पण एवढा जीव मुठीत धरून तो काटाही त्यांनी पाहिला नव्हता. पुसण्याचं काम श्रियाकडे. शू झाली की ती अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी घोषणा करायची.

वजन करायचं कुठे, हा प्रश्न आला. घरच्या काट्यावर पिल्लू चढलं तरी काटा हलेना. मग दुपारी श्रिया शाळेतून आली की खोका घेऊन दोघं कोपऱ्यावरच्या सोनाराकडे. सोनाराने चष्म्यातून वर बघितलं, तराजूत मऊ कापड घातलं आणि तोलून म्हणाला, "साडेचार तोळे. हॉलमार्क मारून देऊ का आबा?"

सोमवारी साडेचार. मंगळवारी पावणेपाच. त्या दिवशी श्रियाने सोनाराच्या दुकानात उड्या मारल्या आणि गिऱ्हाइकांना पेढ्यांऐवजी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. आबांच्या खिशातल्या.

बुधवारी संध्याकाळी पिल्लू तीन थेंब घेऊन थांबलं. श्रिया म्हणाली, "आबा, त्याला सिरिंज आवडत नाही. बोंडल्याने पाजू या?"

बोंडलं म्हणजे चोच असलेली चांदीची वाटी. हौसाबाईच्या माहेरहून आलेली. संदेश त्यानेच दूध प्यायला, श्रियाही प्यायली. तिच्या पहिल्या दाताचा खळगा अजून चोचीवर आहे. संचिताला सातवा लागला तेव्हा आबांनी ते दंतमंजनाने घासून लखलखीत केलं आणि लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवलं होतं.

"छे!" आबा म्हणाले. "ते बाळाचं आहे. ज्याचं त्याने आधी तोंड लावायचं. बाळाच्या आधी त्याला कुणी हात लावायचा नाही, मी नाही, तू नाही, ससा तर नाहीच नाही."

"सॉरी," श्रिया म्हणाली, आणि कपाटाकडे बघून पुन्हा एकदा म्हणाली, "सॉरी हां बाळा."

गुरुवारी सोनाराने दोनदा तोललं. साडेचार. पहिल्या दिवशी होतं तेवढंच. त्याने थट्टा केली नाही, कापड घडी करून ठेवलं. परत येताना श्रियाने विचारलं, "बाळाचं वजन पण कमी होतं का कधी?"

"बाळाचं? त्याचं तर..." आबांनी तोंड उघडलं आणि बंद केलं. "खोका नीट धर. हलतोय."

शुक्रवारी सकाळी श्रिया शाळेत गेली, संदेश कामावर. आबा एकटेच पिल्लापुढे बसले. थेंब ओठाला लावला. नाक हललं नाही. दुसरा लावला, तो हनुवटीवरून ओघळला. पिल्लू उबदार होतं, पोट खाली-वर होत होतं, पण तोंड फिरवत होतं. आबांनी कॅलेंडरकडे बघितलं. मध्ये एकच शनिवार. मग तो बिनकानांचा ससा आणि शेजारचा छोटा गोल.

मग आबांनी कपाट उघडलं.

असं का केलं, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढंच, की हौसाबाई त्यांना दिसली. मोरीत पाटावर बसलेली, पाय लांब पसरून, दोन्ही पायांच्या खाचेत तान्हा संदेश उताणा, आणि ती बोंडल्याची चोच त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात धरून गाल दाबते आहे. गटक. गटक. कसलंही रडकं, अडून बसलेलं पोर आणा, हौसाबाईच्या पायांवर ते प्यायचंच. गल्लीतल्या बाया आपली पोरं घेऊन यायच्या तिच्याकडे. आबांनी हे दारातून हजारदा पाहिलं होतं. पुरुषाने काही तिथे बसायचं नसतं.

ते आज बसले. पाट घेतला, धोतर गुडघ्यापर्यंत सारलं, दुखरे पाय पसरले. पिल्लू इतकं लहान, की दोन नडग्यांच्या खाचेत दिसेनासं झालं. त्याला उताणं केलं. गुलाबी पोट वर आलं, पुढचे दोन पाय हवेत. बोंडल्यात कोमट दूध घेतलं आणि चोच त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात टेकवली.

दूध आत गेलं. एक थेंब नाही, दोन नाही. गेलंच. घसा हलला, आबांनी डोळ्यांनी पाहिला. "पी रे राजा," ते म्हणाले. "पी. हां. शाब्बास." पाच दिवसांत त्याने इतकं कधी घेतलं नव्हतं. आबांना वाटलं, हौसाबाईला येत होतं ते आपल्यालाही येतं.

मग नाकातून एक बुडबुडा आला. पांढरा, मोहरीएवढा.

आबांनी पिल्लाला झटकन उचललं. पालथं केलं, नाक पुसलं, पाठ चोळली. छातीतून बारीक आवाज येत होता, टिक, टिक, जुन्या घड्याळासारखा. दवाखाना दहाला उघडतो. घड्याळात सव्वाआठ. दवाखान्याचा नंबर लावला, घंटा वाजत राहिली. त्यांना डॉक्टरणीचं वाक्य आठवलं, शब्दन्‌शब्द, ती कुठल्या बोटावर थांबली होती त्यासकट. माणसाच्या बाळासारखं तर अजिबात नाही.

त्यांनी पिल्लाला सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. टिकटिक हळू झाली. मग दोन टिकांमध्ये अंतर पडायला लागलं. साडेनऊच्या आत ती थांबली.

बाळ गेलं तेव्हा आबा रडले नव्हते. संदेशला सांभाळायचं होतं, श्रियाला सांगायचं होतं, तोंड चालू ठेवायचं होतं. आता घरात कोणी नव्हतं. ते मोरीच्या दारात, संदेश बसला होता तिथेच बसले, आणि साडेचार तोळ्यांचं ते मुठीत घेऊन एकदाचे रडले. कितीतरी वेळ. ससा कुठे संपला आणि बाळ कुठे सुरू झालं, ते त्यांनाही कळलं नाही.

मग डोळे पुसून, हातरुमालात गुंडाळून, इमारतीमागच्या कढीपत्त्याखाली खड्डा खणून त्यांनी त्याला ठेवलं. वर आले. पाट उभा केला. सिरिंज धुतली. बोंडलं धुतलं आणि हौसाबाई ठेवायची तसंच, हात आपोआप गेला म्हणून, ओट्यावर पालथं घातलं.

साडेबाराला श्रिया आली. दप्तर काढायच्या आधी खोक्याकडे. खोक्यात कापूस होता, आणि गार झालेली बाटली.

"आबा?"

आबा खुर्चीत तयार होते. अडीच तास तयारी केली होती. "ये, बस इथे. हे सांगतोय खरं, पण तुझा विश्वास बसायचा नाही."

ती जमिनीवर बसली. मांडी घालून, कट्ट्यावर बसायची तशी.

"सकाळी मी दूध पाजतोय, तर दारावर टकटक. बघतो तर कोण? सशीण! त्याची आई! पांढरीशुभ्र, शेळीएवढी मोठी. मी म्हटलं, बाई, तू तर मेलीस म्हणे. तर म्हणाली, छे हो, सिद्धेशला काय कळतंय, मी गेले होते कोलशेतला, खाडीकाठी, माझ्या बहिणीकडे. तिथे गवत असं, की..." आबा हाताने उंची दाखवायला लागले. श्रिया हाताकडे बघत नव्हती. "मग पिल्लाने आवाज ऐकला आणि काय सांगू, पटकन डोळे उघडले! दोन दिवस आधीच! आईला बघितलं आणि टुणकन तिच्या पाठीवर. जाताना माझ्या पाया पडला हां. म्हणाला, श्रियाताईला सांगा..."

आबा थांबले. इथे ती काहीतरी घालायची. कान कुठे ठेवले होते, पाठीवरून पडला कसा नाही, काहीतरी. त्यांनी वाट बघितली.

"विचार ना, कान कुठे ठेवले होते त्याने?"

श्रिया उठली. ओट्यापाशी गेली, टाचा उंच केल्या आणि पालथं बोंडलं उचललं. त्याच्या चोचीत अजून पाण्याचा थेंब होता. ती ते दोन्ही हातांत धरून आबांपुढे येऊन उभी राहिली.

"खोटं," ती म्हणाली.

आबांचा हात सवयीने खिशात गेला.

"मला गोळी नको, आबा. तुम्ही म्हणाला होतात, बाळाच्या आधी कुणी नाही." तिने बोंडल्यावरचा आपल्या दाताचा खळगा अंगठ्याने चाचपला. "बाळ येणार असतं, तर तुम्ही सशाला ह्याने पाजलंच नसतं."